चिठ्ठीवरचा आकडा

सकाळी साडेसातला बायकोनं गॅलरीतून हाक मारली, "अहो, बघा तरी, बोअरची गाडी आली एकदाची!" आणि तो गालावरचा दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आला, कठड्यावरून खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. तसं खाली काही आक्रीत घडलं नव्हतं. इमारतीच्या आवारात बोअर मारायची असं तीन सभांमध्ये ठरलं होतं आणि चौथीत मोडलं होतं, त्यामुळे गाडी आली हेच मोठं. लांबलचक ट्रक, त्याच्या पाठीवर आडवा निजवलेला लोखंडी मनोरा, मागे दुसरा ट्रक, त्यात एकावर एक रचलेले सारख्या लांबीचे पाइप. मनोरा कुरकुरत उभा राहत होता. ऊन तिरपं होतं आणि मनोऱ्याची सावली कुंपणाच्या भिंतीपर्यंत जाऊन तिथं मोडली होती. भोवती इमारतीतली माणसं गोल करून उभी होती, चौथ्या मजल्यावरून त्यांची नुसती डोकी दिसत होती. नुसती डोकी आणि सावल्या. हे सगळं त्यानं याआधी एकदाच पाहिलं होतं, आठ महिन्यांपूर्वी, ऑफिसातल्या टेबलावर, दोन भिंगांखाली, आणि तेव्हा त्या गाडीला त्यानं क्षेपणास्त्र डागायची गाडी ठरवलं होतं. "पाणी लागलं की मी खाली जाऊन बघणार बाई," बायको म्हणाली. "सगळेच जाणार." तो आत गेला आणि आरशासमोर उभा राहिला. गालावरचा साबण वाळून ओढायला लागला होता.

ठरवलं होतं म्हणजे तोंडानं नव्हे. त्याच्या कामात तोंडाला मज्जावच होता. सरहद्दीपलीकडचे, विमानातून काढलेले फोटो वाचायचे, हे त्याचं काम. सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पाटी नसलेल्या दाराआड, दोन टेबलं आणि त्यांच्यामध्ये डोक्याइतकी उंच लाकडी फळी. एका टेबलावर तो, दुसऱ्यावर मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, तिथून इथे आले आणि नाव तेवढं बरोबर घेऊन आले. एकच फोटो दोघांना मिळायचा. दोघांनी आपापल्या भिंगांतून तो पाहायचा, सावलीवरून उंची मोजायची आणि चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं एक आकडा लिहायचा. एक म्हणजे काही नाही, पाच म्हणजे शंभर टक्के. चिठ्ठीची घडी करून कुलपाच्या डब्यात टाकायची. दोन्ही चिठ्ठ्या डब्यात पडेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, चहासुद्धा बरोबर घ्यायचा नाही. वरच्या मजल्यावर दोन्ही आकड्यांची सरासरी निघायची. चार आला एकाचा आणि दोन दुसऱ्याचा, तर तीन, म्हणजे विमान पुन्हा पाठवा आणि पुन्हा बघा. चार आणि चार आले, तर बघण्यासारखं काही उरत नाही. मग पुढचं काम दुसऱ्या लोकांचं. एका माणसाचे डोळे चुकतात, पण एकमेकांना न विचारता दोघं तेच म्हणाले तर ते खरं, असा त्या फळीचा अर्थ होता आणि चौदा वर्षं दोघांनी तो पाळला होता. फळी साधी प्लायवूडची होती. एका बाजूला कोणीतरी खिळ्यावर कॅलेंडर लटकवलं होतं.

तो मुळात हात आखडून आकडा टाकणारा होता. भुताला भूत म्हणायच्या आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघू, असं म्हणणारा. तीन वर्षांपूर्वी झाडांखाली उभ्या असलेल्या काही ट्रकना त्यानं 'एक' दिला होता, कारण त्याला त्या ट्रकमध्ये लाकडं दिसली होती. मास्तरांनी तीन दिला होता. सरासरी दोन निघाली, कोणी लक्ष दिलं नाही. सहाव्या दिवशी त्याच झाडांखालून तोफा धडाडल्या आणि आपल्या चौकीतले अकरा जवान गेले. कोणी त्याला बोललं नाही, मेमो दिला नाही, बदली केली नाही. ते केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. फक्त मोठे साहेब एकदा जिन्यात भेटले तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसले आणि म्हणाले, "काय एक्कासाहेब!" आणि संध्याकाळपर्यंत ते नाव खालच्या कॅन्टीनपर्यंत पोचलं. अकरा फोटो वर्तमानपत्रात छापून आले होते, चौकोनी, पासपोर्टच्या मापाचे. फोटो वाचायची सवय जात नाही. एकाच्या कॉलरचं बटण तुटलेलं होतं, एकानं फोटोसाठी केस ओले करून विंचरले होते. तेव्हापासून त्याची पेन्सिल एक लिहायला धजत नसे. दोन लिहितानाही त्याच्या हाताला घाम यायचा.

आणि मग तो आठ महिन्यांपूर्वीचा फोटो. उघडं माळरान, लांब ट्रक, आडवा मनोरा, मागे दुसरा ट्रक, त्यावर नळ्या, भोवती माणसांचं कडं. माणसं गोल उभी आहेत म्हणजे पहारा आहे, असं वाचायची पद्धत होती. त्यानं तासभर पाहिलं. तंबूच्या बाजूला दोरी होती आणि दोरीवर कपडे वाळत घातलेले होते. पाच का सहा. त्यांतले दोन फारच लहान मापाचे होते. ज्यांना आज-उद्या क्षेपणास्त्र डागून पळ काढायचाय ते धुणं वाळत घालत बसतील का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच्या मनात दोन आला. स्पष्ट दोन. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली. त्याला कॉलरचं तुटकं बटण आठवलं. पुन्हा तेच झालं तर? त्या 'तर'ला उत्तर नसतं. ज्यानं तो शोधला त्यानं माणसाला कायमचं खुंटीला टांगून ठेवलंय. तेवढ्यात पलीकडे खुर्ची सरकली. मास्तरांचे डोळे फार वेळ बघून चुरचुरायचे, ते तोंड धुवायला बाहेर गेले. तो उठला. कॅलेंडर बघावं तसा फळीपाशी गेला आणि मान लांब करून त्यानं पलीकडे पाहिलं. मास्तरांची चिठ्ठी उघडीच पडली होती. चार. त्याला काय वाटलं असेल? वाईट वाटायला हवं होतं. त्याला हायसं वाटलं. गर्दीत बोट सुटलेल्या मुलाला कोणाचं तरी बोट सापडावं, तसं वाटलं. तो परत आला आणि त्यानं नीट, वळणदार चार काढला. घडी करताना दारात मास्तर उभे होते. ते आत्ता आले होते की मघापासून होते, हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमानं गेली आणि नाश्त्याच्या वेळेला रेडिओवर सांगितलं गेलं, की शत्रू हल्ल्याच्या तयारीत होता, त्याच्या आधी आपण केला. तिसऱ्या मजल्यावर कधी नव्हे ते टाळ्या वाजल्या. मोठे साहेब खुशीत होते. ते म्हणाले, "लोक म्हणतील, त्यांनी काही केलंच नव्हतं. अरे, त्यांनी करेपर्यंत थांबायचं असेल तर तुम्हाला पगार कशाला द्यायचा?" सगळे हसले, तोही हसला. त्या दिवसापासून कोणी त्याला एक्का म्हटलं नाही. मग तिकडच्या वर्तमानपत्रांत यायला लागलं, की ती पाण्यासाठी बोअर मारणारी गाडी होती आणि मेलेली एक्केचाळीस माणसं जवळच्या वस्तीतली होती. पाणी लागतंय असं कळल्यावर बघायला जमलेली. इकडे सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. तिकडचे लोक असंच लिहिणार. क्षेपणास्त्रं होती, हे कशावरून? तर ती उडाली नाहीत यावरून. आपण वेळीच फोडली म्हणून तर उडाली नाहीत! हे साहेबांनी इतक्या वेळा सांगितलं, की पुढे पुढे त्यालाही ते पटल्यासारखं झालं. पटलं नव्हतं, पण शेजारी कोणी रोज तेच गाणं लावावं तसं ते त्याच्या तोंडात बसलं होतं.

आणि आज बायकोनं हाक मारली, आणि गाडी आली. तिकडची ओरड थांबेना तेव्हा सरकारनं चौकशी समिती नेमली होती आणि आजच तिच्यासमोर दोघांची साक्ष होती, मास्तरांची तीनला आणि त्याची चारला. शंका होती तोवर बरं होतं. शंकेला निदान दोन बाजू असतात, एकीवर झोप येते. आता बाजूच उरली नाही. एक्केचाळीस माणसं पाणी बघायला आली होती, ज्यासाठी त्याची बायकोही थोड्या वेळानं पायात चपला सरकवून खाली जाणार होती. तो चहाचा कप हातात धरून बसला आणि त्याला त्या माणसांचं वाईट वाटायला लागलं, आणि त्याच क्षणी, त्या वाईट वाटण्याच्या आतूनच, त्याला दुसरं काही आठवलं: मास्तर दारात उभे होते. मेलेल्यांसाठी आलेला हुंदका त्याच्या घशात होता आणि डोकं मास्तर काय सांगतील त्याचा हिशेब करत होतं. आपण माणूस आहोत की कोण, असं त्याला वाटलं. पण वाटून तो उठला आणि त्यानं बूट घातले.

बसमध्ये त्याला जागा मिळाली. खिडकीशी बसून त्यानं मास्तरांना वाचायला सुरुवात केली. आठ महिन्यांत मास्तरांनी त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. फक्त एकदा, चहा घेताना, ते म्हणाले होते, "मान दुखते का हो तुमची? सारखी वळवता." हे काळजीनं विचारलं होतं की सुचवलं होतं? मास्तर तसे साधे. त्यांच्या घरी तो शेकडो वेळा जेवला होता, त्याच्या मुलीच्या आजारपणात मास्तर आणि वहिनी हॉस्पिटलात आळीपाळीनं बसले होते. पण साधा माणूसच खरं बोलून बसतो. काल मास्तर अर्धी रजा टाकून गेले होते. जाताना त्यांच्या हातात लांब, खाकी पाकीट होतं. पाकिटात काय असेल? निवेदन? बँकेचे कागद? वीजबिल? परवा त्यांनी त्याला जिन्यात हाक मारली होती, "अहो, जरा बोलायचं होतं," आणि साहेब खालून येताना दिसल्यावर "राहू दे, नंतर," म्हणाले होते. नंतर म्हणजे कशानंतर? एका एका गोष्टीत काही नव्हतं. मान, पाकीट, जिना. पण सगळं एकाच बाजूला सावली टाकत होतं. मास्तर सांगणार, की मी तोंड धुवायला गेलो आणि यानं माझी चिठ्ठी पाहिली. मग फळीला काय अर्थ राहिला, आकड्यांना काय अर्थ राहिला? एक्केचाळीस माणसांचं सगळं ओझं एकट्याच्या डोक्यावर येणार, नोकरी जाणार, मुलीच्या सासरी कळणार. त्यानं मनातल्या मनात आकडा टाकला. चार. आणि तो ऑफिसच्या स्टॉपवर उतरला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तीनला अजून बराच वेळ होता.

पावणेअकराला त्यानं समितीच्या खोलीवर टकटक केली आणि म्हणाला, मला आत्ताच बोलायचंय. आत तिघं होते. मध्ये पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज त्याला अपेक्षा होती त्यापेक्षा चांगला निघाला. मास्तर आपली चिठ्ठी उघडी ठेवून उठायचे, तो म्हणाला. वारंवार. मुद्दाम. मला दिसावी, मी तोच आकडा टाकावा आणि त्यांचा आकडा एकट्याचा पडू नये म्हणून. त्या दिवशीही ठेवली होती, मला दिसली, माझ्यावर दबाव आला. हे बोलताना त्याला जाणवलं, की यात जवळजवळ सगळं खरं आहे. चिठ्ठी उघडी होती, दिसली, दबाव आला. फक्त 'मुद्दाम' आणि 'वारंवार' हे दोन शब्द त्यानं घरून आणले होते.

"एक सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्या फोटोत समोरच्यानं हात उगारलेला दिसत होता, की तो कधीतरी उगारेल असं तुम्हाला वाटलं? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत आधी मारणं कदाचित माफ होतं. दुसरीत तो नुसता खून असतो."

"मारायला उगारलेला हात आणि डोकं खाजवायला वर नेलेला हात, वरून सारखाच दिसतो, बाई."

"मग हे तुम्ही चिठ्ठीवर लिहिलंत का?"

"चिठ्ठीवर फक्त आकडा लिहायचा असतो."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही चारला यायचे होतात. इतक्या लवकर का आलात?"

"राहवलं नाही," तो म्हणाला. हेही खरंच होतं.

तीनला मास्तर आत गेले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. त्यांनी आत काय सांगितलं ते कधी कळलं नाही, कारण अहवालात त्यांच्या नावापुढे एवढंच होतं, की साक्षीदारानं स्वतःच्या बचावासाठी केलेली विधानं ग्राह्य धरता येत नाहीत. कारवाईचं धोरण योग्य होतं, चूक एका कर्मचाऱ्याच्या कार्यपद्धतीत होती, असा निष्कर्ष निघाला. साहेबांना तो फार आवडला. मास्तर घरी बसले. त्याला ताकीद मिळाली, तीही तोंडी. फळीपलीकडे नवा माणूस आला. तो भराभर चारवर चार टाकायचा आणि वेळेवर घरी जायचा.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी तो मास्तरांकडे गेला. का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. बायको म्हणाली, "कशाला जाताय? अपमान करतील." पण अपमान करून घ्यायलाच तर जात होता. वहिनींनी दार उघडलं, पाहिलं, बाजूला झाल्या आणि आत निघून गेल्या. मास्तर खिडकीशी बसून जुन्या नकाशाच्या फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावत होते. "या," ते म्हणाले. "बसा. ती कात्री जरा द्या इकडे." त्यानं कात्री दिली. बराच वेळ दोघं चिकटपट्टी कापत बसले. शिव्या देतील, रडतील, उठून निघा म्हणतील, या सगळ्याची त्यानं तयारी केली होती. कात्री मागतील याची केली नव्हती.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला, "ती गाडी बोअरचीच होती."

"माहितीय. मला तेव्हाही तसंच वाटत होतं."

"मग चार?"

मास्तरांनी नकाशा हातानं सपाट केला. "मला तीन द्यायचा होता. थोडी शंका होतीच, पुन्हा बघायला हवं असं वाटत होतं. म्हटलं, मी तीन दिला आणि तुम्ही नेहमीसारखा दोन दिलात, तर वर अडीच होणार, झाडाखालच्या ट्रकसारखं फाइलीत पडून राहणार. विमान पुन्हा जायला सरासरी तीन हवी. तुमचा दोन येणार, हे मी धरून चाललो होतो. चौदा वर्षं शेजारी बसलो, तुमचा हात मला माहीत नाही का? म्हणून चार टाकला." त्यांनी पट्टीचं टोक दातानं तोडलं. "तुमच्या दोनवर मी अगदी निर्धास्त होतो बघा."

त्यानं खुर्चीचा हात धरला. म्हणजे त्या दिवशी ज्याच्या बोटाला तो लटकला, तो माणूस उलट त्याच्याच आधारानं उभा होता. एक आकडा, त्याच्या मनात आलेला, स्पष्ट, खरा. तो लिहिला असता तर विमान पुन्हा गेलं असतं, तोवर पाणी लागलं असतं, वरून दिसलंही असतं, उन्हात पाणी लगेच चमकतं. "मी तुमची चिठ्ठी पाहिली," तो म्हणाला.

"तेही माहितीय. मी दारात होतो. पाहिलंत तरी तुम्ही आपला दोनच टाकाल, असं वाटलं."

"मग तुम्ही ते सांगणार होतात? समितीला?" आपण याच एका प्रश्नासाठी इथे आलोय, हे त्याला आत्ता कळलं. "पाकिटात काय होतं? जिन्यात काय बोलायचं होतं? खरं सांगा मास्तर, शपथ आहे तुम्हाला, तुम्ही माझं नाव घेणार होतात की नाही?"

मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर फार सोपं गेलं असतं. "खरं सांगू?" ते म्हणाले. "तीनपर्यंत ठरवणार होतो. सकाळपासून तेच चाललं होतं डोक्यात. सांगावं असं वाटत होतं, आणि तुमचा चेहरा समोर आला की सांगू नये असंही. साडेबाराला साहेबांनी बोलावून तुमची साक्ष वाचून दाखवली. मग ठरवायचं काही राहिलंच नाही." ते पुन्हा नकाशाकडे वळले. "आता मला विचाराल तर मलाच माहीत नाही. जे झालंच नाही ते मी तुम्हाला कुठून सांगू?"

वहिनी आतून आल्याच नाहीत. तो उठला, बूट घालताना भिंतीला टेकला, आणि रस्त्याला लागला. ऊन उतरलं होतं, लोक सुट्टीचे फिरायला निघाले होते. तो तीन स्टॉप चालत गेला. सांगणार होते, नव्हते सांगणार. जितकं चालावं तितकं दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही घेऊन घरी जाता येणार नव्हतं. एकाच घरात, एकाच अंथरुणावर ते दोन्ही कसे मावणार? सांगणार नव्हते असं धरलं तर उरलेलं आयुष्य कसं काढायचं? चौथ्या स्टॉपवर बस आली आणि तो चढला.

बायको दारातच होती. "काय म्हणाले हो?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात महिन्याभराची धास्ती होती.

त्यानं बूट काढून जागेवर ठेवले, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, टॉवेलला पुसले.

"सांगणारच होता," तो म्हणाला. "पाकिटात सगळं लिहून तयार होतं. मी आधी गेलो नसतो तर आपण संपलो होतो."

"बाई गं!" ती मटकन खुर्चीत बसली आणि सुटल्यासारखी हसली. "आणि मी मेली उगाच तुम्हाला मनातून बोल लावत होते. बरंच केलंत मग."

"मग काय करायचं होतं?" तो म्हणाला, आणि आपला आवाज मोठ्या साहेबांसारखा लागला हे त्याच्या लक्षात आलं. तो जेवायला बसला. भूक चांगली लागली होती.